राशीला घातलेला लाल सोडा

पौष निम्मा सरला की आमच्या गुंद गावात दोन आवाज एकाच वेळी सुरू होतात. एक खळ्यावरचा, मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती फिरणाऱ्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा. दुसरा रस्त्यावरचा, गावोगावच्या जत्रा करत हिंडणाऱ्या इराप्पाच्या गाडीतल्या सोड्याच्या बाटल्यांचा. पहिला ऐकला की अजून अंगात हुरूप येतो. दुसरा ऐकला की मळमळतं. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही, खरोखरच घशाशी येतं.

हसा खुशाल. गुंदातले सगळेच हसतात. कारण गोड खाण्यात अख्ख्या सुपे तालुक्यात माझा हात धरणारा नव्हता. जत्रेत जिलेबीच्या कढईपासून मला ओढून आणायला दोन माणसं लागायची. शेव-चिरमुरे, कुंदा, खाजे, गोळीच्या बाटलीतला लाल सोडा, काही म्हणून वर्ज्य नाही. पन्नाशीला आलो तोवर चार दाढा या धंद्यात गेल्या, तरी उरलेल्यांनी चालूच होतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

आणि आता? आता बाजारात जिलेबीवाल्यासमोरून जाताना मी उपरणं नाकाला लावतो. ती कढई बघा एकदा नीट. कडेला कितीतरी बाजारांचं तेल जमून डांबरासारखं झालेलं असतं. पाकात माशी पडली तर हलवाई तिला बोटानं उचलून बाजूला टाकतो आणि तेच बोट धोतराला पुसतो. मी वर्षानुवर्षं समोर उभा राहून हे बघितलं आणि वर म्हटलं, "अजून पावशेर घाल रे." लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

पण हे शहाणपण मला दाढांनी शिकवलं नाही. ते शिकवलं मुंग्यांनी, आणि त्यासुद्धा माझ्या नव्हेत. पार्वतीच्या.

पार्वती म्हणजे माझी बायको. गेल्या दिवाळीआधी महिनाभर तिला तहान लागायला लागली. घागर रिकामी करील अशी तहान. लवकरच्या भाताच्या कापणीत पायाला कापल्या धाटाचा धस लागला होता, तो महिना झाला तरी भरेना. आणि एका सकाळी मी परसात दात घासत होतो, तर ही न्हाणीमागच्या मोरीपाशी उभी. हातातल्या सुपात चुलीतली राख. मोरीच्या दगडावरून मुंग्यांची रांग चालली होती, काळीभोर, बोटभर रुंद. ती त्यांच्यावर राख टाकत होती.

"काय गं, खरकटं सांडलंस काय तिथं?" मी विचारलं.

"खरकटं न्हाई," ती म्हणाली. "माझंच हाय ते. पंधरा दिस झालं, रोज येत्यात."

मला काही क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडातली मिसरी गिळली गेली.

दांडेलीच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात पार्वतीची लघवी घातली आणि नळी दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता विटेसारखं लालभडक झालं. तो रंग मी कुठंतरी बघितला होता. डॉक्टर सांगत होते, "गोड बंद. अगदी बंद. साखर, गूळ, मिठाई, ते बाटलीतलं पाणी, सगळं. नाहीतर ही जखम चढत जाईल आणि पाय कापावा लागेल." मी मात्र त्या नळीकडेच बघत होतो. इराप्पाचा सोडा. हुबेहूब तोच रंग.

बसमध्ये परत येताना कुळगीचं रान सरलं. मग पार्वती म्हणाली, "मी सोडते. पन तुमी सोडलं तर."

"मला कुठं झालाय आजार?"

"मला कुनी लावलं गोड? तुमी खानार, मी बगत बसनार, हे व्हायचं न्हाई. तुमी खाल्लं की मी खानार. बोला."

मी राशीची, खळ्यावरच्या धान्याच्या राशीची, शपथ घेतली. आमच्यात राशीची शपथ म्हणजे साधी गोष्ट नाही. आणि माझ्यासारख्यानं तर ती घेऊच नये, कारण राशीचा गुन्हेगार मी आधीचाच.

तो हंगाम मला अजून वासासकट आठवतो. आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या आदल्या पौषातली गोष्ट. गोवा अजून फिरंग्यांकडे होता, सरहद्द बंद होती. थंडी अशी की सकाळी पेंढ्यावर हात ठेवला तर दवानं भिजायचा. ऊन वर आलं की खळ्यावर नव्या पेंढ्याचा गोडसर, कोरडा वास सुटायचा, त्यात बैलांच्या शेणाचा आणि रानातून येणाऱ्या ओल्या पाचोळ्याचा वास मिसळायचा. बुधाकाका कडेला शेकोटी करून राखेत काटे-कणगे, म्हणजे रानातले कंद, भाजत बसायचा. बुधाकाका आमच्या डोंगरातला जुना कुणबी, रानात जन्म गेलेला, दरसाल आमच्या मळणीला येणारा. भाजलेल्या कणग्याची साल काढली की आत पांढराशुभ्र गर, वर मिठाची चिमूट. तेव्हा मी त्याला नाक मुरडायचो. रानटी खाणं म्हणायचो.

मळणीवाल्यांना प्यायला नाचणीची आंबील असायची. काळ्या मडक्यात रात्रभर आंबवलेली, ताक घातलेली, वर कांदा. पार्वती डोक्यावरून मडकं घेऊन यायची. ती नंदिगड्ड्याची, तिच्या माहेरी सणालासुद्धा गूळ जपून घालायचे. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही चहात साखर घालतो म्हणून ती भांडली होती! "त्वांड चिकाट हुतंय," म्हणायची.

धान्य उपणून झालं की मधोमध रास घालायची. राशीभोवती राखेची रेघ ओढायची, सलग, कुठं तुटू द्यायची नाही. रेघेच्या बाहेरून आंबीलीची धार फिरवायची, नारळ ठेवायचा. मग दुसऱ्या सकाळी माप लागेपर्यंत राशीला कुणी शिवायचं नाही आणि तिच्याजवळ बोलायचंही नाही. वाडवडिलांपासूनचा शिरस्ता.

त्या वर्षी इराप्पा पहिल्यांदाच आमच्या रस्त्याला आला. खानापूरकडचा माणूस, गाडीत यंत्र, पेटीत निळसर काचेच्या बाटल्या. जत्रेला चालला होता, पण आमच्या खळ्यावर माणसं बघून बैल थांबवले. "या की मालक! थंडगार. लाल हाय, लिंबाचा हाय. फोडू काय एक?"

अंगठ्यानं गोळी दाबली की बाटली 'ट्वां' करून ओरडायची आणि फेस वर यायचा. मी सगळ्या माणसांना सोडा पाजला. मोठेपणा! बुधाकाकानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाटली गवतात ओतली. पार्वतीला मी आग्रह करकरून पाजला. वायू तिच्या नाकातून बाहेर आला, डोळ्यांतून पाणी आलं. "आगं बाई, कसलं मेलं हे! साबनाचं पानी हाय व्हय?" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. तिचे ओठ लाल झाले होते. मला ती फार सुंदर दिसली. खरं सांगतो, त्या लाल ओठांसाठीच मी पुढची दहा वर्षं दर बाजाराला तिच्यासाठी काहीतरी गोड आणत गेलो. आधी तिनं माझ्यासाठी खाल्लं, मग सवयीनं, मग आवडीनं. दहा वर्षांत मी तिची जीभ बदलली. याला मी प्रेम म्हणत होतो.

तर त्या संध्याकाळी रास तयार झाली. राखेची रेघ ओढली. पार्वतीनं आंबीलीचं मडकं पुढं केलं. माझ्या हातात अर्धी बाटली होती, अंगात दोन बाटल्यांचा वारा. मी म्हटलं, "दरसाल काय आंबट पाजायचं देवाला? यंदा गोड देऊ."

बुधाकाका उठून आला. त्याचा हात माझ्या मनगटावर पडला. "राशीक आंबटच जाय, पोरा. गोड न्हको."

"साखरेचं खाणार त्याला देव देणार, काका," मी म्हटलं. केवढा विद्वान! आणि लाल सोड्याची धार राशीभोवती फिरवली. पुरली नाही म्हणून आणखी दोन बाटल्या फोडल्या. बाहेरून फिरवायची ती धार हात हलून आतही पडली, भाताच्या पायथ्याशी. सोड्यानं राखेची रेघ जागोजाग वाहून गेली, तिकडं माझं लक्षही नव्हतं. बुधाकाका काही बोलला नाही. राशीजवळ बोलायचं नसतं.

सकाळी खळ्यावर गेलो तर रास काळी दिसली. मला वाटलं सावली आहे. जवळ गेलो तर सावली हलत होती.

मुंगळे. रानातले, मोठ्या डोक्याचे, काळे. पायथ्याशी त्यांचा थर होता आणि तिथून वर, आत, दाण्यादाण्यांतून ते चालले होते. कानाला खसखस आवाज येत होता. सोड्यानं भिजलेलं भात चिकट होऊन ढेकळं झाली होती, त्या ढेकळांना ते असे लटकले होते की ढेकूळ उचलावं तर हाताला मुंगळ्यांचा हातमोजा चढावा. आंबूस-गोड, कुजल्यासारखा वास. मला तिथंच ओकारी झाली. लाल.

आणि माप लागेपर्यंत कुणी राशीला शिवेना, बोलेना! पाटलांच्या घरून मापाडी येईस्तोवर आम्ही दहा माणसं नुसती बघत उभी. वर्षाचं अन्न समोर वळवळतंय आणि सगळे मुके. शेवटी बुधाकाकानंच शेकोटीची राख पाटीत भरली आणि एका हातानं राशीभोवती नवी रेघ ओढायला लागला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"राख कशाक घालतात ती आता कळली?" एवढंच नंतर म्हणाला. मला खरंच तोवर वाटत होतं की राख देवासाठी असते.

ते भात आम्ही पावसाळाभर खाल्लं. कितीही वाळवलं, कितीही पाखडलं तरी शिजलेल्या भातात एखादा मुंगळा निघायचाच, पोट फुगलेला, पाय आत मुडपलेले. पार्वती मुकाट बाजूला काढायची. तिच्या दोन्ही हातांना चाव्यांचे फोड होते. लोक मला 'मुंगळा' म्हणायला लागले. अजून म्हणतात. एवढं होऊन मी सोडा सोडला का? नाव नको! पुढच्याच बाजारात दोन प्यालो. माणसाला किळस किती लवकर विसरता येते याचीच मला आता किळस येते.

तर यंदाची शपथ. दिवाळीपासून घरात गोड बंद. रेशनची साखर मिळायची ती पार्वतीनं शेजारी देऊन टाकली. रोज सकाळी ती काठी टेकत न्हाणीमागं जाई, कालची राख बघे, नवी पसरे आणि आत येऊन मला एकच शब्द सांगे, "हायत." मी पेज पीत असायचो, मान हलवायचो. डॉक्टर दांडेलीला, आम्ही रानात. आमची तपासणी मुंग्याच करत होत्या. पहिल्या महिन्यात रांग बोटभराची दोऱ्याएवढी झाली. मग पुढं कमी होईना.

"आसं कसं वो?" ती विचारायची. "मी तर काय खात न्हाई."

खात नव्हतीच ती. आणि मी? मी मार्गशीर्षात सुप्याच्या बाजाराला गेलो, मिरच्या आणि मीठ आणायला. इराप्पा आता म्हातारा झालाय. बाटल्या मात्र त्याच. एका बादलीत अख्ख्या बाजाराच्या उष्ट्या बाटल्या बुडवतो आणि भरतो. बादलीतलं पाणी तांबूस. गोळीखालच्या रबराला काळी बुरशी धरलेली. मला ती दिसली, अगदी स्पष्ट दिसली. "फोडू काय?" तो म्हणाला, आणि मी म्हटलं, "फोड."

कोमट होता. दातांना चिकटला, घशाला गोड चट्टा लागला, ढेकर आली ती साबणासारखी. त्यात चव काय होती म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही. तरी संपवला. वर खाज्याचा पुडा घेतला, चार तिथंच खाल्ले आणि उरलेले कोटाच्या खिशात टाकले, वाटेत खाईन म्हणून. ओठ लाल दिसू नयेत म्हणून पान खाल्लं. काय अक्कल! लाल लपवायला लाल.

घरी आलो, कोट खुंटीला लावला. पार्वती उंबऱ्याशी बसून कडुनिंबाच्या पाण्यानं पाय धूत होती. जखमेचा वास मला दारातच आला. मी विचारलं, "बरं वाटतंय?"

"तुमी काय खाल्लंसा बाजारात?"

"काही नाही. पान." डोळ्याला डोळा न देता मी सांगितलं.

मी पाणी प्यायला आत गेलो, बैलांना पेंढा टाकून आलो, तोवर घटकाभर गेली असेल. परत आलो तर पार्वती तशीच बसलेली, पण मान वर, भिंतीकडं. मी तिकडं बघितलं. खिशातून मुंग्यांची रांग निघाली होती. कोटावरून भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून सरळ तिच्या पायाकडं, आणि पायापाशी पोचून ती दुभंगली होती. निम्म्या मुंग्या खिशाकडं जात होत्या, निम्म्या जखमेकडं.

ती भिंत धरून उठली, खिशात हात घालून पुडा काढला. एक खाजा घेतला, त्याच्यावरच्या मुंग्या फुंकल्या. सगळ्या गेल्या नाहीत.

"आपलं ठरलंय न्हवं?" ती म्हणाली. "तुमी खाल्लं की मी खानार." आणि खाजा तोंडात घातला. मुंग्यांसकट. माझ्याकडं बघत चावायला लागली.

"थुंक! पार्वती, थुंक ते!"

ती चावतच होती. डोळ्यांतून पाणी, पण चावत होती. मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी तिचा जबडा धरला आणि तिच्या तोंडात बोटं घातली. लहान पोरानं माती खाल्ली की काढतात तशी. ती चावली मला, जोरात. मी तो सगळा लगदा बाहेर काढला. लाळेनं भिजलेलं बेसन, चिकट गूळ, त्यात हलणाऱ्या दोन मुंग्या आणि माझ्या बोटाचं रक्त. तळहातावर ते घेऊन मी उभा राहिलो. इतकं घाणेरडं मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं आणि ते सगळं मीच आणलेलं होतं, अकरा वर्षं, बाजारागणिक, कौतुकानं.

"मी सोडलं नव्हतं," मी म्हटलं. "आज सोडलं."

ती रडायला लागली. "माझा पाय जाईल वो," म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. "लावणीला मी कशी उतरू?"

तेव्हापासून गोडाचा कण माझ्या जिभेवर नाही. यात शौर्य काही नाही. तोंडाजवळ गोड नेलं की तळहातावरचा तो लगदा दिसतो आणि हात खाली येतो. लोकांना वाटतं म्हातारपणी मुंगळ्याला वैराग्य आलं. वैराग्य कसलं, ओकारी येते.

ते बोट महिनाभर दुखलं. सकाळची तपासणी मात्र चालूच राहिली. हायत. हायत. थोड्या हायत. मी खोटं सोडलं, पण मुंग्यांना काय त्याचं? त्यांना जेवढं गोड सापडेल तेवढ्या त्या येणार.

काल आमची रास लागली. बुधाकाका आता नाही, दोन पावसाळ्यांमागं गेला. त्याच्या सुनेनं शेकोटीत कणगे भाजले होते. मी तीन खाल्ले, नुसत्या मिठाशी. त्या गराला स्वतःची एक हलकी गोडी असते, अकरा वर्षांपूर्वी ती मला लागलीच नव्हती. राखेची रेघ मी स्वतः ओढली, वाकून, सलग. पार्वती काठी टेकत आली, मडकं तिनंच धरलं. आंबीलीची धार फिरवताना रस्त्यावरून बाटल्यांचा खडखडाट आला. इराप्पानं बैल थांबवून हाक मारली, "या की मालक!" राशीजवळ बोलायचं नसतं. मी बोललो नाही. गाडी पुढं गेली.

आज सकाळी मी पेज पीत बसलो होतो. ती परसातून आली आणि दारातच उभी राहिली. रोजचा शब्द आला नाही, म्हणून मी वर बघितलं.

"न्हाईत," ती म्हणाली.

मी पेज तशीच ठेवून न्हाणीमागं गेलो. मोरीच्या दगडावर काल पसरलेली राख कालच्यासारखीच होती. एकही रेघ नाही. कडेला चिमणीच्या पायांचे दोन ठसे तेवढे. मी तिथंच उकिडवा बसलो, मोरीच्या तोंडाशी, सांडपाण्याच्या वासात, आणि कितीतरी वेळ त्या राखेकडं बघत राहिलो. पार्वती काठी टेकत मागं आली.

"उठा की वो. मोरीपाशी काय बसलाय? कुनी बगितलं तर काय म्हनंल?"

"म्हणू दे," मी म्हटलं. त्या घाण जागी बसून मला जरासुद्धा किळस येत नव्हती.